रॉजर म्हणजे होकार नव्हे

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कोथरूडच्या आमच्या रूमवर मी रोज रात्री तासभर विमानतळाचा टॉवर असायचो. रूम पार्टनरचा मामेभाऊ बारामतीला विमान चालवायला शिकत होता. आरटीआरची परीक्षा द्यायची म्हणून तो आमच्याकडे येऊन राहिला होता. ही पायलटच्या रेडिओवर बोलण्याच्या लायसन्सची परीक्षा. त्याला समोरून बोलणारं कुणीतरी हवं होतं. मग मी गादीवर पाय पसरून कागदावरची वाक्यं वाचायचो, अमुक उंचीवर ये, तमुक दिशेला वळ. आणि तो भिंतीकडे तोंड करून (समोर बघितलं की हसू यायचं) सगळं जसंच्या तसं परत म्हणायचा. याला रीडबॅक म्हणतात. समोरच्याने ऐकलं एवढं पुरत नाही. काय ऐकलं ते त्याने म्हणून दाखवायचं आणि टॉवरने ते तपासायचं.

सिनेमामुळे आपल्याला वाटतं, रॉजर म्हणजे ‘हो’. तसं नाही. रॉजर म्हणजे तुझं शेवटचं बोलणं पूर्ण पोचलं, बस. ते पटलं का, करणार का, याबद्दल रॉजर काहीच सांगत नाही. सांगितलं ते करणार असेन तर विल्को. हो म्हणायचं असेल तर अफर्म. अख्खं ‘अफर्मेटिव्ह’ म्हटलं तर खरखरीत त्याचं निगेटिव्ह ऐकू येऊ शकतं, म्हणून शेपूट छाटलेलं. स्टँडबाय म्हणजे थांब, मी परत बोलतो. त्यात परवानगीही नाही आणि नकारही नाही. आणि जमणार नसेल तर अनेबल. त्याच्या मागेपुढे सॉरी लागत नाही.

आपण मराठीत हे सगळं एका ‘हो’मध्ये कोंबतो. ‘हो’ म्हणजे ऐकलं, ‘हो’ म्हणजे पटलं, आणि ‘हो हो’ म्हणजे आता फोन ठेव. ‘बघतो’ म्हणजे होणार नाही, हे तर लहान पोरालाही कळतं.

आकड्यांचंही तसंच. फाइव्ह आणि नाइन एकमेकांत मिसळू नयेत म्हणून फाइव्हचं फाइफ आणि नाइनचं नायनर. थ्रीचं ट्री. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचं एक टोक 27 नंबरचं, म्हणजे साधारण 270 अंश, पश्चिमेकडे तोंड. ते म्हणायचं ‘टू सेव्हन’, एकेक आकडा सुटा. 2019मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘तेवीस’ऐवजी ‘वीस तीन’ असंही वाचायला सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला तेव्हाही तो प्रकार फारसा वाईट वाटला नव्हता. फोनवर कुणाला तरी ‘एकोणसाठ की एकोणसत्तर?’ विचारावं लागलेल्या प्रत्येकाला पटेल.

हे नियम आले ते मात्र बऱ्याचदा फार महागात पडून. 27 मार्च 1977, कॅनरी बेटांमधल्या तेनेरीफचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे मोठी विमानं इकडे वळवलेली. धावपट्टीवर ढग उतरलेले. केएलएमचं 747 धावपट्टीच्या एका टोकाला उभं, आणि त्याच धावपट्टीवरून पॅन ॲमचं 747 समोरून सावकाश येतंय. टॉवरने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता, टेकऑफची परवानगी नव्हती. को-पायलटने रीडबॅक दिला आणि शेवटी जोडलं की आम्ही आता टेकऑफला आहोत. टॉवरला वाटलं, त्या जागी उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं.

टॉवर म्हणाला, ‘ओके’. मग क्षणभर थांबून, टेकऑफसाठी स्टँडबाय, मी सांगतो. नेमकं त्याच वेळी पॅन ॲमनेही आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं सांगितलं. एका फ्रिक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले की दोघांचंही धड ऐकू येत नाही. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचलं ते ‘ओके’, आणि त्यापुढे बराचसा शिट्टीसारखा आवाज. 583 माणसं गेली.

आता टेकऑफ हा शब्द फक्त दोनदा येतो, परवानगी देताना आणि ती रद्द करताना. बाकी सगळीकडे डिपार्चर.

आमच्या धंद्यात चेकलिस्टचं फार कौतुक आहे आणि ती विमानवाल्यांकडून घेतली हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्यांची भाषा मात्र कुणी घेतली नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर पडलेला असताना कॉलवर अकरा माणसं असतात आणि कुणीतरी ‘ठीक आहे, करा’ म्हणतं. काय करा? कुणी करा? चॅटवर अंगठा उमटतो. तो रॉजर आहे की विल्को, हे सकाळी कळतं. माझ्या आधीच्या कंपनीत ‘अनेबल’ म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. ‘होऊन जाईल’ म्हणणारे पुष्कळ होते.

आणि बोलणारा एक, करणारा दुसरा, ही तर वेगळीच आफत. 12 नोव्हेंबर 1996ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदियाचं 747 आणि कझाकस्तानचं इल्युशिन हवेत धडकलं, 349 जण गेले. कझाक विमानाला 15 हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्याखाली उतरलं होतं. त्या विमानात रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता, आणि उंची दाखवणारी यंत्रं मात्र पायलटांसमोर.

पण माझ्या डोक्यात कायमचं राहिलंय ते ॲव्हियांका 52. 25 जानेवारी 1990, कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग 707. खराब हवामान, गर्दी. आकाशात तीनदा घिरट्या घालायला लावल्या, एकूण सव्वा तासाच्या वर. को-पायलट टॉवरशी बोलत राहिला, आम्हाला प्राधान्य हवंय, इंधन संपत आलंय. पहिल्यांदा उतरणं जमलं नाही. कॅप्टनने त्याला सांगितलं की इमर्जन्सी आहे म्हणून सांग. त्याने सांगितलं ते असं, की आम्ही परत प्रयत्न करतो, इंधन संपतंय. पुढे कंट्रोलरने विचारलं, एवढा लांबचा फेरा तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर आलं, चालेल बहुतेक, थँक्यू. ‘मेडे’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. ‘इमर्जन्सी’ही नाही. विमान लाँग आयलंडवर एका टेकडीवर पडलं. 158पैकी 73 गेले. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच नव्हतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो को-पायलट मला अगदी घरातला वाटला.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं त्यांनी दोरी ओढून बेल दिली. एक बेल थांब, दोन बेल चल. यात ‘बहुतेक’ नसतं. तर मागच्या दिवाळीनंतर हेच बाबा फोनवर सलग तीन दिवस म्हणत होते, ‘काही नाही रे, जरा दमायला होतं. ॲसिडिटी असेल.’ आणि वर ‘तू जेवलास का?’

तिसऱ्या दिवशी मी कसे आहात हे विचारायचंच सोडून दिलं. संकटातल्या विमानाला कंट्रोलर असं विचारत नाही. तो विचारतो, किती मिनिटांचं इंधन आहे, विमानात किती जण आहेत. म्हटलं, ‘बाबा, आज जिना चढताना कितव्या पायरीवर थांबलात?’

बराच वेळ काही नाही.

‘सातव्या.’

‘काल?’

‘काल वरपर्यंत गेलो होतो. म्हणजे... मधे एकदा टेकलो.’

‘छातीत दुखतं?’

‘दुखत नाही. आवळल्यासारखं होतं. पण थांबलं की जातं, ठीक आहे.’

मी पुण्यात, ते इस्लामपूरला. चुलतभावाला फोन केला, त्याने त्याच संध्याकाळी गाडी काढून सांगलीला नेलं. ईसीजी, मग अँजिओग्राफी, मग दोन स्टेंट. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून त्रास आहे, तर बाबा म्हणाले, तसा काही नाही.

ॲव्हियांकानंतर बऱ्याच वर्षांनी इंधनासाठी दोन ठरावीक शब्द आले. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता यापुढे उशीर परवडणार नाही. आणि उतरताना टाकीत ठरलेला शेवटचा राखीव साठाही उरणार नसेल, जेट विमानासाठी तो 30 मिनिटांचा, तर ‘मेडे मेडे मेडे, फ्युएल’. यात प्राधान्य मागणं नाही, बहुतेक नाही, थँक्यू नाही.

बाबांना हे मी हॉस्पिटलमध्ये सांगितलं. त्यांना तेनेरीफपेक्षा हे जास्त आवडलं. ‘म्हणजे डिझेल रिझर्व्हला आलं की ड्रायव्हरने लाजायचं नाही,’ एवढं म्हणून त्यांनी कूस बदलली. आता फोनवर ते स्वतःहून आकडे सांगतात. दोन जिने, न थांबता. सकाळी मारुतीपर्यंत जाऊन येऊन पस्तीस मिनिटं. कधीकधी नुसतं ‘डबल बेल’.

मग फोन आईकडे जातो. मी विचारतो, ‘तुझं बीपी किती आलं?’

‘मला काय धाड भरलीय,’ आई म्हणते.