चौथ्या टप्प्यावरचं खातं

२०२५च्या एप्रिलमधला दुसरा शनिवार. मी लालबागच्या मसाला गल्लीत डंकापाशी उभी होते. बेडगी, शंकेश्वरी, थोडी काश्मिरी आणि आईने घरी भाजून दिलेला खडा मसाला. कुटून झालं, डबा भरला, मी फोन पुढे करून पैसे पाठवले. व्यवहार अयशस्वी. पुन्हा पाठवले, पुन्हा तेच. डंकवाले म्हणाले, "राहू द्या ताई, नंतर द्या. तुमच्या आईला मी लहानपणापासून बघतोय."

घरी येऊन बँकेचं ॲप उघडलं. शिल्लक दिसत होती, पण खात्यातून एक रुपयाही बाहेर काढता येत नव्हता. दुसरा शनिवार म्हणून बँक बंद, रविवार तसाच, सोमवारी आंबेडकर जयंती. तीन दिवस मी आईला काही बोलले नाही.

मंगळवारी दादरच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, सायबर पोलिसांकडून डेबिट फ्रीझ आहे." तिने एका चिठ्ठीवर तक्रारीचा क्रमांक आणि परराज्यातल्या एका सायबर ठाण्याचं नाव लिहून दिलं. बँकेकडे एवढीच माहिती होती. सायबर पोलीस हा शब्द मी तोवर फक्त बातम्यांत वाचला होता. बाहेर फुलबाजारात माणसांची रेटारेटी चालली होती आणि मी ती चिठ्ठी पर्समध्ये न ठेवता मुठीत धरून परळपर्यंत चालत आले.

कारण मला माहीत होतं. मार्चमध्ये मी माझं क्रिप्टो विकलं होतं.

ही खरेदी मी लपूनछपून केलेली नव्हती. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं, आणि त्यानंतरच मी दर महिन्याला पगारातून थोडे थोडे पैसे गुंतवत गेले. नफ्यावर ३० टक्के कर लागतो हे ठाऊक होतं, तोही भरणारच होते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा सगळं युएसडीटी या डॉलरच्या भावाशी बांधलेल्या नाण्यात आणून विकायला काढलं. माझं ॲप परदेशी, त्यातून थेट बँकेत रुपये काढायची सोय नव्हती. होतं ते पी-टू-पी: समोरचा ग्राहक तुमच्या खात्यात रुपये टाकतो, तोवर ॲप तुमची नाणी अडकवून ठेवतं, आणि रुपये मिळाल्याचं तुम्ही कळवलंत की नाणी त्याच्याकडे जातात. मला ही पद्धत फार सुरक्षित वाटली होती. पण ॲप राखण करत होतं ती नाण्यांची. रुपये कुठून आलेत हे बघणारं तिथे कुणीच नव्हतं.

चार ग्राहकांना मिळून १,९२,००० रुपयांचं विकलं. त्यातले ४८,५०० रुपये ज्या खात्यातून आले, त्यावरचं नाव आणि ॲपवरच्या ग्राहकाचं नाव वेगळं होतं. ते माझ्या लक्षात आलं होतं. अशा वेळी पैसे परत करा, सौदा पुढे नेऊ नका, असं ॲपवर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी विचारलं, तो म्हणाला, "भावाचं खातं आहे." तो बाकीच्यांपेक्षा डॉलरमागे दीड रुपया जास्त देत होता. मी नाणी सोडली.

ठाकूरद्वारला आमचे एक लांबचे मामा राहतात, फौजदारी वकिली करतात. त्यांनी आधी चहा पुढे केला, मग सगळं समजावलं. फसवला गेलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, त्यांना एकामागून एक टप्पे समजून रक्कम रोखली जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस हे करू शकतात, पण ते दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वादातल्या रकमेपुरतंच खातं गोठवा, सगळं नको, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये बँकांना बजावलं होतं, तो निकाल त्यांनी माझ्या अर्जाला जोडला. सोबत पॅन, चारही सौद्यांच्या पावत्या, ग्राहकाशी झालेलं बोलणं, मी क्रिप्टो कधी किती घेतलं त्याचा हिशेब. "नाव वेगळं होतं, तेही लिही. आपण लपवायचं नाही," मामा म्हणाले. ते वाक्य टाइप करताना माझे हात थरथरत होते.

पगार त्याच खात्यात जमा झाला आणि तोही अडकला. मावशीने गिरगावातून रोख पैसे आणून दिले म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे गेली नाही. आईला शेवटी सांगावंच लागलं. ती शांत होती. बाबा गिरणीत होते. ८२च्या संपानंतर त्यांच्या हक्काचे पैसे हाती यायला किती वर्षं गेली, ते तिने पाहिलं होतं. एवढंच विचारलं, "पण ते पैसे होते कुणाचे?"

हा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारला नव्हता. रोज त्या ठाण्याला फोन लावत होते तो माझे पैसे सोडवायला.

सतराव्या दिवशी तपास अधिकारी फोनवर आले. त्यांचा आवाज थकलेला होता, पण ओरडले नाहीत. शेअर बाजाराच्या एका खोट्या ॲपमध्ये एका निवृत्त शिक्षकांनी फंडाचे पैसे घालवले होते. "तुमचं खातं चौथ्या टप्प्यावर आहे," अधिकारी म्हणाले. ४८,५०० रुपये त्या शिक्षकांच्या पैशांतले. मी म्हटलं, मी आत्ता परत पाठवते. ते म्हणाले, असं परस्पर नाही, न्यायालयाच्या आदेशानेच होईल. मामांनीही तेच सांगितलं होतं. मग मी लेखी दिलं की बाकीचं खातं मोकळं करा, या रकमेवर माझा दावा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खातं सुरू झालं. त्याच संध्याकाळी डंकवाल्यांचे पैसे दिले. आई वॉकर घेऊन चाळीच्या गॅलरीत चालायला लागली होती. पासबुकात ४८,५०० रुपये अजून दिसतात, काढता येत नाहीत. दर महिन्याला मी त्या ठाण्याला फोन करते आणि विचारते, सरांना पैसे मिळाले का. परवा अधिकारी म्हणाले, पुढची तारीख पडली आहे.