मधला स्पीकर

सराउंड साउंड म्हटलं की लोकांना हेलिकॉप्टर आठवतं. ते डोक्यावरून डावीकडून उजवीकडे गेलं की पैसे वसूल. आमच्या बेलवलीच्या वन बीएचकेमध्ये हेलिकॉप्टरला जागाच नाही. मागचा एक स्पीकर कपाटावर आहे, दुसरा फ्रीजवर. मला खरा हवा होता तो टीव्हीखालचा मधला. बाबांसाठी.

बाबांनी ३१ वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काढली. अशा आवाजाने कान एकदम जात नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. आणि स, श, थ, फ यांची धार नेमकी त्या वरच्या भागात असते. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. टीव्ही मोठा केला तर पार्श्वसंगीतही तेवढंच मोठं होतं, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते. मग आम्ही हसलो की बाबा हसायचे, जरा उशिराने. हळूहळू सिनेमा लागला की ते गॅलरीत जाऊन बसायला लागले.

सिनेमाच्या ५.१ ध्वनीत सहा वेगवेगळ्या वाटा असतात. बहुतेक सगळे संवाद मधल्या वाटेने येतात. ती सुटी मिळाली तर तेवढीच वाढवता येते. म्हणून उल्हासनगरहून सेकंडहँड रिसीव्हर आणला आणि जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. टीव्हीतून रिसीव्हरला एआरसीची केबल. चित्र झकास. आवाज मात्र स्टिरिओ! साउंड सेटिंगमध्ये ५.१ चा पर्याय दिसेचना. केबल बदलली, ड्रायव्हर नव्याने टाकला. ढिम्म.

एचडीएमआयची केबल एकाच बाजूने बोलत नाही, हे कोणी सांगत नाही. जोडल्याबरोबर समोरचं यंत्र कॉम्प्युटरला आपला बायोडाटा पाठवतं: एवढं रिझोल्यूशन, एवढे चॅनेल. त्याला ईडीआयडी म्हणतात. कॉम्प्युटर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आमच्या टीव्हीला दोनच स्पीकर, त्याने बायोडाट्यात दोनच लिहिले. मागे सहा स्पीकरवाला रिसीव्हर बसलाय हे कॉम्प्युटरला कळणार कुठून? त्यात साध्या एआरसीतून ५.१ जातं ते डॉल्बी डिजिटलसारखं दाबून. सहा सुट्या वाटा न दाबता न्यायला ईएआरसी लागतं, जे २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलं. आमचा टीव्ही त्याआधीचा.

उपाय फुकटातला निघाला. कॉम्प्युटरची केबल टीव्हीतून काढून रिसीव्हरमध्ये घातली आणि रिसीव्हरमधून टीव्हीला नेली. आता बायोडाटा रिसीव्हरचा. ५.१ दिसलं. चाचणीचा आवाज एकेका स्पीकरमधून फिरला, मधल्यातूनही आला. रिसीव्हरमध्ये मधला तेवढा चार डेसिबलने वाढवला.

पावसाळ्यात लाइट गेली की घोळ व्हायचा. लाइट आल्यावर कॉम्प्युटर आधी उठला तर ओळखपाळख अर्धवट राहायची आणि पुन्हा स्टिरिओ. बाबांनीच कॅलेंडरच्या मागच्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं: आधी रिसीव्हर, मग टीव्ही, शेवटी कॉम्प्युटर. कारखान्यात मशीन चालू करायच्या सूचना लिहितात, तसं. रोज तेच चालू करतात, मला हात लावू देत नाहीत.

कान काही परत आले नाहीत. श्रवणयंत्राचा विषय काढला की बाबा अजून पेपर उघडतात. पण परवा त्यांनी 'सैराट' लावला. २०१६ साली सगळं बदलापूर बघून आलं, ते गेले नव्हते. या वेळी आर्चीच्या डायलॉगवर ते आमच्याआधी हसले. आई चमकून त्यांच्याकडे बघत राहिली.

शेवटी ते लहान मूल घरात शिरतं, आणि सिनेमाचा आवाज पूर्ण बंद होतो. बाबांनी रिमोट उचलला, रिसीव्हरचा दिवा बघितला, भिंतीवरचा कागद बघितला.

"अगं, गेला का परत?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "तसंच आहे ते."

त्यांनी रिमोट खाली ठेवला.