दुसरा टीव्ही

बेळगावजवळच्या हलग्याचा भोंगा आमच्या अनगोळात ऐकू येत नाही. मध्ये शेतं आहेत, महामार्ग आहे, आणि संध्याकाळी सातला आमच्या गल्लीत दुचाक्यांचा आणि मालिकांच्या शीर्षकगीतांचा एवढा कालवा असतो की भोंगा आमच्याच चौकात बसवला तरी तो कुणाच्या कानावर पडेल याची खात्री नाही. तरी हलगा ग्रामपंचायतीने भोंगा वाजवून सात ते नऊ टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं ही बातमी आली, तेव्हा गल्लीतल्या बायकांत चार दिवस दुसरा विषय नव्हता. एकीचं म्हणणं, असं आपल्याकडेही व्हायला पाहिजे. दुसरी म्हणाली, सात ते नऊ? मग बघायचं काय उरलं?

मूळ कल्पना सांगली जिल्ह्यातली. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या तीनेक हजार वस्तीच्या गावाने 15 ऑगस्ट 2022 पासून हा प्रयोग सुरू केला. सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि फोन बंद होतात, ते साडेआठपर्यंत. बातम्यांत भोंग्याचंच कौतुक जास्त झालं. मला त्या गावाची वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. भोंग्यामागोमाग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. बटण दाबून भोंगा वाजवता येतो. पण ऐन सातला, मालिकेचा भाग सुरू होताना टीव्ही बंद करायला एखाद्या बाईला राजी करायचं तर तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसावं लागतं.

अनगोळात ते जमणार नाही. एके काळचं हे गाव आता बेळगाव महापालिकेचा भाग आहे. भाग्यनगरपासून उद्यमबागपर्यंत घराला घर लागलंय. सरपंच नाही, गावसभा नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शिफ्टमुळे सातला कुणी डबा घेऊन निघतं, कुणी ग्रीसचे हात धुऊन चहाला बसतं. गावाला एक संध्याकाळ असते, आमच्याकडे घरागणिक वेगळी. म्हणजे टीव्ही किती, हे प्रत्येक घराने आपलं आपण ठरवायचं. आणि घर म्हणजे कोण, इथूनच भांडणाला सुरुवात.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, कारण टीव्ही दुसऱ्याच्या घरी होता. 25 जानेवारी 1987 ला रामायण सुरू झालं तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही असलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी सकाळी त्या घरांच्या दारात चपलांचा ढीग. किती बघायचं, कुठे बसायचं, मध्ये बोलायचं की नाही, हे त्या घरची म्हातारी ठरवायची. मालिका संपली की ती उठून सेटवर भरतकामाचा पडदा टाकायची. पडदा पडला की आम्ही घरी. कुणी हट्ट केल्याचं आठवत नाही, हट्ट करायला ते घर आपलं नव्हतं.

तेव्हाचा टीव्ही मराठी नव्हता, हे मात्र आठवतं. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं होतं, पण आमच्या अँटेनावर प्रादेशिक कार्यक्रमांच्या वेळेला बंगळूरचं कन्नड लागायचं आणि नंतर दिल्लीची हिंदी. टीव्हीवर आपली भाषा ऐकायची तर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे सुट्टीला जावं लागे. केबल आली, आणि 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झाल्यावर एका रिमोटच्या बटणावर मराठी घरात आली. बेळगावात मराठीसाठी मोर्चे काढलेल्या पिढीला याचं काय वाटलं असेल, ते पुण्यात बसून कळायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी तो टीव्ही आयुष्यात एकदाही ‘जरा बंद करा’ म्हटलं नाही. त्यांच्या लेखी मराठी बोलणारी वस्तू बंद करणं बरं नव्हतं.

म्हणूनच ‘मुलांना टीव्ही कमी दाखवा’ हा उपदेश सीमाभागातल्या घरात सरळ लागू होत नाही. मुलगा इंग्रजी माध्यमात. शाळेत कन्नड सक्तीची, मैदानात हिंदी-कन्नड मिसळ. मराठी त्याच्या वाट्याला येते ती घरात, देवळात, गणेशोत्सवात, शिवजयंतीच्या चित्ररथात आणि टीव्हीवर. टीव्ही काढून घेतला तर त्याच्या मराठीचा एक मोठा झरा आटेल, ही भीती मलाही होती. घरोघर ऐकलेला युक्तिवाद आहे हा: निदान मराठी तरी कानावर पडतंय ना!

पण नीट बघितलं तर पडतं ते काय? मालिकेतल्या बायका बंगल्यात राहतात, हळू आवाजात कट करतात आणि आमच्यासारखं बोलत नाहीत. माझी सासू नातवाला ‘काय बघूलालास रे एवढं?’ विचारते. असं मराठी कुठल्याच वाहिनीवर नाही. ते शिकायचं तर तिच्या तोंडूनच ऐकावं लागतं, आणि ती बोलायची तर टीव्ही गप्प हवा. अमेरिकेतल्या सिएटलचे बालरोगतज्ज्ञ दिमित्री क्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रक बांधून मोजणी केली होती. टीव्ही कानावर पडत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाला मोठ्यांच्या तोंडचे सुमारे 770 शब्द कमी ऐकायला मिळाले. तिथे भाषेचा तुटवडा नाही, इंग्रजी रस्त्यावर सांडलेली असते. आमच्याकडे मराठीचे ते शब्द भरून निघायला दुसरं दुकान नाही.

याबाबत मला आइसलँडची गोष्ट फार जवळची वाटते. मूठभर लोकांचा देश, छोटी भाषा. केफ्लाविकच्या अमेरिकी लष्करी तळावरचं दूरचित्रवाणी प्रसारण आजूबाजूच्या घरांत दिसू लागलं, तेव्हा 1964 मध्ये तिथल्या साठ नामवंतांनी ते तळापुरतंच ठेवा, अशी संसदेकडे मागणी केली. 1966 मध्ये देशाने स्वतःचं, स्वतःच्या भाषेतलं दूरदर्शन सुरू केलं. आता खरी गंमत. आपल्याच भाषेतलं असूनही त्यांनी ते दर गुरुवारी बंद ठेवलं, आणि कित्येक वर्षं जुलै महिनाभर. गुरुवारचं प्रसारण सुरू झालं ते 1987 मध्ये, म्हणजे आपल्याकडे रामायण चालू होतं त्याच वर्षी. आमच्याकडे असा उपास लोडशेडिंगमुळे घडायचा. लाईट गेली की गल्ली बाहेर कट्ट्यावर यायची; लाईट आली की मुलं ओरडायची आणि कट्टा रिकामा व्हायचा.

मग किती? डॉक्टरांचे आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, दोनच्या आत तर नकोच. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही साधारण हेच सांगतात. ते पाळावं, वाद नाही. पण शाळकरी मुलांसाठीचा जुना दोन तासांचा ठोक नियम अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये सोडून दिला आणि प्रत्येक कुटुंबाने आपला बेत आपण आखावा म्हटलं. मला यात शहाणपण दिसतं. तासांचा हिशेब आमच्या घरीही करून बघितला होता. मुलं तासाला वकिलासारखी भिडतात: जाहिराती धरायच्या का, आज्जीची सिरियल बघितली ती कुणाच्या खात्यात, क्रिकेट म्हणजे टीव्ही का?

उत्तर मला सापडलं ते केबलच्या बिलात. 2019 च्या फेब्रुवारीत नवे नियम आले, आणि ज्या वाहिन्या बघायच्या त्यांचेच पैसे द्या, असं झालं. शंभर फुकट वाहिन्यांचे करासकट 153 रुपये, बाकी प्रत्येकीचा भाव वेगळा. केबलवाल्याने छापील यादी दिली आणि टिका मारून द्या म्हणाला. त्या संध्याकाळी टीव्ही बंद करून आम्ही पाचजण टीव्हीवर बोलत बसलो! ह्यांना बातम्या आणि क्रिकेट, लेकीला गाणी, मुलाला कार्टून. सासूबाईंनी मराठी वाहिन्यांबरोबर दोन कन्नड वाहिन्याही मागितल्या, तेव्हा सगळे बघत राहिले. कन्नड कशाला? तर शेजारच्या अक्का आणि त्या दुपारी एकत्र सिरियल बघतात. त्याच वर्षी आमच्याकडे ‘तुला पाहते रे’ संपली आणि कन्नडात तिचीच ‘जोते जोतेयली’ सुरू झाली. सासूबाईंना सगळी गोष्ट आधीच ठाऊक. त्या अक्कांना पुढचं मराठीत सांगायच्या, अक्का कन्नडात ‘सांगू नका’ म्हणायच्या, आणि पडद्यापेक्षा यांचाच खेळ जास्त रंगायचा. सीमावादावर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी एक दुपार त्या खोलीत काढायला हवी होती.

ती यादी भांडून ठरली म्हणून टिकली. कुणी काय सोडलं हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून आमच्या घरात टीव्ही ‘किती’ यापेक्षा ‘कुठे आणि कुणाबरोबर’ हे ठरलेलं आहे. टीव्ही एकच, बाहेरच्या खोलीत. दोघांना दोन गोष्टी बघायच्या असतील तर दोघांनी बोलून मिटवायचं. खोलीत बघणारं कुणी नसेल तर बंद. जेवताना बंद. दहावीच्या वर्षी शेजारीपाजारी केबलच काढून टाकतात. आम्ही लेकीच्या दहावीला काढली नाही, कारण बातम्या आणि एक सिरियल यापलीकडे तिला एकटीला काही बघताच येत नव्हतं. मागे कुणी ना कुणी बसलेलं असायचं.

कुणी म्हणेल, फोनचं काय? प्रत्येकाच्या खिशात एकेक टीव्ही आहे. बरोबर आहे, आणि माझा खरा विरोध त्यालाच आहे. आमच्याकडे नियम असा: व्हिडिओ बघायचा तर बाहेरच्या खोलीत, आवाज लावून, सगळ्यांसमोर. निम्मे व्हिडिओ तिथेच लाजून बंद पडतात. उरलेल्यांवर आज्जी टीका करते, आणि तिची टीका ऐकण्यासारखी असते. नियम रोज पाळला जातो असं नाही. रात्री गादीत फोन चमकतो, दिसतो, मी ओरडते. पण ओरडायला एक ठरलेली जागा आहे, हेही कमी नाही.

गेल्या दिवाळीत ह्यांनी आतल्या खोलीसाठी दुसरा टीव्ही घ्यायचं काढलं. हप्ते होते, सूट होती, आणि म्हणणंही बिनतोड होतं: मॅच कुणाला त्रास न देता बघता येईल. मी नको म्हटलं. कुणाला त्रास न देता बघता येणं, हेच मला नको आहे. रिमोट मागण्यासाठी का होईना, बापाला मुलीशी बोलावं लागतं, नातवाला आज्जीची मनधरणी करावी लागते, आणि ती मनधरणी आमच्या मराठीत होते. दोन टीव्ही झाले की हे बोलणं संपलं. मग तास मोजा नाहीतर भोंगा वाजवा.

तेव्हा अनगोळातल्या, आमच्या बेळगावच्याच वडगावातल्या, शहापुरातल्या बायांनो, सणाच्या सवलतीत नवा टीव्ही जरूर घ्या, मोठ्यातला मोठा घ्या. फक्त जुना दुकानदाराला देऊन घ्या. आतल्या खोलीत लावू नका.