तपासणीच्या आधी माणसं तयार कर

डोंबिवली

प्रिय दादा,

बहरीनमधल्या हमद टाउनच्या साइटवर कामगार खात्याची तपासणी होणार म्हणून तू हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, फलक अशी खरेदी काढली आहेस. ती कर, लागणारच आहे. पण त्या दिवसापुरती साइट चकाचक करून वेळ मारून नेण्याचा विचार असेल तर तो सोड. तपासणी तासा-दोन तासांत उरकते, अपघाताला उरलेला सगळा वेळ मोकळा असतो. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला, तू शेजारी नसताना, आपल्या कामातला धोका आणि त्यावरचा उपाय सांगता आला पाहिजे. माझ्या मते खरी तयारी ती.

बहरीनचंच बघ. भर उन्हात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करू नये, हा नियम तिथे २००७ पासून आहे. आधी तो जुलै-ऑगस्टपुरता होता, २०२५ पासून १५ जून ते १५ सप्टेंबर असा वाढवला. मोडला तर ५०० ते १,००० दिनार दंड, शिवाय तुरुंगवासही होऊ शकतो. हा नियम राबवणं सोपं, कारण घड्याळ बघून रस्त्यावरूनही कळतं की काम चालू आहे की बंद. आता दुसरी बाजू बघ. जुलै २००६ मध्ये मनामाच्या गुदैबिया भागात कामगारांच्या राहत्या इमारतीला आग लागून १६ भारतीय गेले. जानेवारी २०१३ मध्ये मनामातच तशाच आगीत १३ बांगलादेशी कामगार गेले. ही माणसं कामावर नव्हती, मुक्कामाच्या जागी होती. जे रस्त्यावरून दिसत नाही, तिथे त्या जागेतल्या माणसाला काय ठाऊक आहे यावरच बरंच ठरतं. आपल्या डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात एमआयडीसीत स्फोट झाले, तेव्हा कारखाने अधिनियम लागू होऊन कित्येक दशकं उलटली होती.

तू म्हणशील, माणसांना बोलू दिलं तर ते नको ते बोलतील आणि दंड मला बसेल. भीती खोटी नाही. छोट्या ठेकेदाराला ५०० दिनारही जड जातात. पण अनुभवी इन्स्पेक्टर फलक वाचत बसत नाही. तो विचारतो, बेल्ट कमरेला आहे, पण हूक कशाला अडकवलास? पाइपच्या बुडाशी बेसप्लेट आहे की विटेचा तुकडा? पढवलेला माणूस तिथेच अडखळतो आणि मग सगळ्या कागदांवरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा एखादी उणीव तूच आधी दाखव, ती कधीपर्यंत दुरुस्त होईल ते लेखी दे आणि तोवर तेवढं काम थांबव. दंड टळेलच असं मी म्हणत नाही, पण तुझ्या शब्दाला वजन राहील.

दुसरी अडचण भाषेची. तुझी माणसं बंगाली, मल्याळम, हिंदी बोलणारी, इन्स्पेक्टर अरबी किंवा इंग्रजीत विचारणार. म्हणूनच रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं, ज्याच्या त्याच्या भाषेत, आजच्या कामाबद्दल बोल. नुसतं सांगू नकोस, त्यांच्याकडून वदवून घे. आणि एक, तपासणीमागे कुणाची तक्रार असलीच, तर ती कुणी केली याचा शोध घेऊ नकोस. कामगार तपासणीच्या १९४७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इन्स्पेक्टरने तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं असतं, आणि पूर्वसूचना न देता येण्याचाही त्याला अधिकार आहे. भारताने हा करार १९४९ मध्येच मान्य केला, बहरीननेही तो स्वीकारला आहे. या खेपेला तुला आधी कळलं, पुढच्या खेपेला कळेलच असं नाही.

साइटचं झालं की माणसं झोपतात त्या खोल्या बघ. खिडक्यांना गज आहेत का, जिन्यात सामान रचलंय का, एकाच बोर्डावर किती प्लग लटकलेत, दार आतून किल्लीशिवाय उघडतं का. इन्स्पेक्टर तिथवर जाईल की नाही ठाऊक नाही. तू मात्र जा, तेही रात्री, सगळे खोलीवर असताना. काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
धाकटा भाऊ