भीमेच्या अलीकडे-पलीकडे

गुरुवार, 10 एप्रिल 2025. न्हावरे

तमाशाचा फड पहाटेच आला. रात्री शिरूरच्या वरच्या अंगाला खेळ होता, तो उरकून पाच ट्रक आणि बायकांची बस थेट आमच्या चुलतभावाच्या रानात उतरली. कांदा निघालेला, त्यामुळे रान मोकळं. कडेला बोअरचं पाणी आणि दोन चिंचा. मुक्कामाला एवढं पुरतं, असं मॅनेजर म्हणाले. गावाचा होकारही लागतोच, पण तो ते मोजत नाहीत.

फडाचा हिशेब लिहिणारा माणूस दवाखान्यात आहे. माझा जन्म वह्या लिहिण्यात गेला, हे मॅनेजरला कुठून तरी कळलं होतं. "आण्णा, पंधरवडाभर चला. लिहायचं काय, डिझेल, किराणा, उचल आणि सुपारी." घरात विचारलं. बायको म्हणाली, "जा की. नाहीतरी रोज रात्री गच्चीवरून ढोलकी ऐकताच."

संध्याकाळी वही हातात घेतली. पहिली चार पानं नुसती उचलीची. हंगामाआधी कलावंतांनी घेतलेली ही आगाऊ रक्कम पुढे पगारातून वळती होते. काही नावांसमोर मागच्या सालची बाकीही ओढून आणलेली. फड कुठल्या गावाला जातो हे जत्रा ठरवतात, पण त्यात कोण असणार हे ही चार पानं ठरवतात.

शुक्रवार, 11 एप्रिल

आज खेळ नाही. उद्या चैत्र पौर्णिमा, म्हणून आज सगळे झोपून घेतायत.

मॅनेजरनी तिथीचा बाजार समजावून सांगितला. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या लागतात. आत एक टेबल, भिंतीला बाईंचा मोठा फोटो, पुढे तारखांची वही. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, चहा पितात, चार राहुट्या फिरतात आणि सुपारी फोडतात. हनुमान जयंती आणि कालाष्टमीला सगळ्याच गावांना तमाशा हवा असतो, तेव्हा भाव चढतो. मधल्या रिकाम्या तिथीला तोच फड, तीच माणसं, तेच डिझेल, पण रक्कम निम्म्याच्या आसपास येते. देवाच्या तिथीवर दर ठरणारा हा धंदा दुसरीकडे कुठे असेल तर मला माहीत नाही. दसऱ्यापासून तिकिटावर कनातीचे खेळ होतात, तो वेगळा मामला. तिथे पाऊस आला की खेळ बुडाला. चैत्रात निदान सुपारी ठरलेली असते.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता. आदल्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागली. राहुट्या लागल्याच नाहीत आणि पुढचं सालही तसंच गेलं. त्या दुसऱ्या साली, मे 2021 मध्ये, तमाशातल्या कांताबाई सातारकर गेल्या. हे सांगताना मॅनेजर वहीकडे बघत होते.

शनिवार, 12 एप्रिल. घोड नदीकाठचं एक गाव

खेळ साडेआठला ठरलेला. गावात आधी छबिना, मग सत्कार. सत्काराला नावं किती, तर ट्रॅक्टरवाल्यापासून आमदारांच्या पुतण्यापर्यंत. नारळ फुटून पडदा सरकला तेव्हा नऊ वाजून गेले होते. लाऊडस्पीकर दहाला बंद करायचा, हा नियम 2000 सालापासून आहे. जिल्हाधिकारी वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देतात, पण गावाची तिथी त्या दिवसांत बसतेच असं नाही.

त्या तासाभरात गण आटोपला. गवळणीत मावशीनं दोनच ठिकाणी हशा काढला, कारण तिसऱ्याला सरदारानं डोळ्यानं घड्याळ दाखवलं. बतावणी गाळली. मग सिनेमाची गाणी, कारण पुढच्या रांगेतली पोरं तेवढ्यासाठीच आलेली आणि त्यांचे मोबाईल आधीपासून वर. दहाला पाच कमी असताना शिपाई स्टेजच्या बाजूला येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. ढोलकीवाल्यानंच हात आखडता घेतला.

वग झालाच नाही. 1865 च्या 'मोहना-बटाव'पासून वगाची परंपरा सांगतात. माझ्या लहानपणी वग म्हणजे पहाटेपर्यंत. राजा चुकायचा, प्रधान फितायचा, राणी रानात जायची, आणि तिला न्याय मिळेपर्यंत गाड्या जुंपायची वेळ व्हायची. आता राणी रानातही जात नाही. नियमाला नावं ठेवावीत तर शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेचं पोर असतं. तो नियम मला पटतो. पण छबिना आणि सत्कार यांनी खाल्लेल्या वेळेचा हिशेब शेवटी ढोलकीच्याच नावावर का, हे पटत नाही.

रविवार, 13 एप्रिल

हजेरी. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी देवळासमोर फडाची हजेरी असते, सुपारीतच धरलेली. झोप चार तास, वर ऊन आणि मांडवाचं कापड पातळ. रात्रीची पोरं एकही नाही. पारावरची म्हातारी माणसं, उपरणी डोक्यावर, आणि मागे पदर सावरून बसलेल्या बाया.

आणि इथे वग झाला! पुरा नव्हे, दोन तासांचा. दिव्याची गंमत नाही, घामानं रंग ओघळलेला, प्रधानाच्या मिशीची एक बाजू सुटलेली. तरी सोंगाड्यानं एका म्हाताऱ्याला मध्येच ओढलं, "काय पाटील, तुमच्या येळंला ह्ये असंच हुतं का?" त्यावर म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून असं उत्तर दिलं की सोंगाड्यालाच पुढचं सुचेना. रात्री हे होऊ शकलं नसतं. रात्री स्टेज आणि लोक यांच्यात लोखंडी कठडा होता. रात्रीतून हाकललेला वग दुपारच्या हजेरीत येऊन बसलाय, आणि त्याचे खरे प्रेक्षकही तिथेच येऊन बसलेत. सुपारी मात्र रात्रीच्या नावानं लिहिली जाते.

संध्याकाळी न्हावऱ्याला परत. पुतणीनं मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली होती, ती चुलीपाशी सगळ्यांना दाखवली. 'आर्का किनारी' नावाचं शिडाचं जहाज. फिलास्टिन हा वादक आणि नोव्हा रूथ ही इंडोनेशियाची गायिका, दोघांनी ते घेतलं आणि 2019 मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅमहून वाऱ्यावर निघाले. बंदराला लागायचं, डेकचाच रंगमंच करायचा, शिडांवर चित्रं पाडायची आणि लोकांनी धक्क्यावर उभं राहून ऐकायचं. 2020 मध्ये बंदरं बंद झाली तेव्हा ही मंडळी भर समुद्रात अडकली होती.

चूल गप्प झाली. मग प्रश्न सुरू झाले. ढोलकीवाला म्हणाला, खाऱ्या हवेत पुडी कशी टिकंल? बिगाऱ्यांना एकच गोष्ट आवडली, रोज खांब रोवायला नकोत. आक्का, फडातल्या सगळ्यात जुन्या, पूर्वी राणीचं काम करायच्या आणि आता पेट्यांच्या किल्ल्या सांभाळतात, त्यांनी विचारलं, "त्यांच्यात भांडण झालं तर उतरत्यात कुठं?"

त्यावर साठेक माणसं एकदम हसली.

सोमवार, 14 एप्रिल

सकाळी ट्रकच्या फाळक्याला बाबासाहेबांचा फोटो लावला. झेंडूचा हार, निळा कपडा, हलगी. फडातल्या बहुतेकांच्या घरी आज जयंती आहे आणि बहुतेकांना घरी जाता येणार नाही.

पठ्ठे बापूरावांची गोष्ट मला आजच्या दिवशी हटकून आठवते. रेठऱ्याचा हा ब्राह्मण तमाशात आला, पवळाबाईबरोबर उभा राहिला आणि जातीबाहेर गेला. महाडच्या लढ्यासाठी त्यांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं तेव्हा आंबेडकरांनी ते नाकारलं, असं सांगतात. आपल्या समाजातल्या बाया नाचवून आलेला पैसा नको, हे त्यामागचं कारण. नकार मला कळतो. तरी आज फोटोसमोर ज्या बाईनं हार घातला, ती याच पैशावर मुलीला नर्सिंगला घालते आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर या दोन गोष्टींत कसलीच अडचण दिसत नव्हती. मी तिला ती गोष्ट सांगितली नाही. तिला माहीत असेलच. माझ्यापेक्षा जास्त.

मंगळवार, 15 एप्रिल

डिझेल. किराणा. जनरेटरचा पट्टा. बसचं टायर. ऊन.

बुधवार, 16 एप्रिल. इनामगाव

रिकामी तिथी. मोटारसायकलवर की-बोर्डवाल्या पोराला मागे बसवून इनामगावला गेलो. पोरगं कुडाळकडचं, दशावतारी घरातलं. इकडच्या मैलोगणती सपाट रानाचा त्याला कंटाळा आलाय.

घोड नदीच्या काठी टेकाड आहे. डेक्कन कॉलेजच्या ढवळीकर, अन्सारी, सांकलिया यांच्या मंडळींनी 1968 ते 1983 इथे खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं अख्खं गाव निघालं: घरं, धान्याच्या कणग्या, पाटाचं पाणी. आता वरून बघणाऱ्याला माती आणि बाभळी. पोरगं म्हणालं, "काका, हय काय बघूचा?"

मला बघायचं होतं ते इथे नाहीच, पण जागा बघायची होती. एका घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण सापडला, त्यात एका पुरुषाला बसवून पुरलेलं. बरोबर ठेवलेल्या एका भांड्यावर होडी रंगवलेली आहे, लांब वल्ह्यांची. मेलेल्याला पलीकडे जायला होडी लागेल असं त्यांना वाटलं असावं. समुद्र कुठे, शिरूर कुठे! पण घोड, भीमा, पावसाळ्यातलं लाल पाणी, हे त्यांच्यासमोर रोजचं होतं.

पोरगं नदीकडे बघत सांगायला लागलं. त्याचे आजोबा दशावताराच्या कंपनीत, कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत गावोगाव. डोक्यावर पेटारा, त्यात गणपती आणि मुखवटे. तेरेखोलची खाडी आली की होडी, पलीकडे पेडण्याच्या बाजूला नाटक. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं त्यांच्याकडे म्हणतात. आजोबा भरतीची वेळ बघून नाटकाचं शेवटचं युद्ध लांबवायचे किंवा आवरायचे. ओहोटीत होडी चिखलात रुतते.

मला तो शिपाई आठवला, पावणेदहानंतर स्टेजजवळ आलेला. भरतीशी निदान बोलणी करावी लागत नाहीत.

शुक्रवार, 18 एप्रिल. चौफुला

मुक्काम हलवला. न्हावऱ्याहून निघालो, पारगावला भीमेच्या पुलावर आलो. पूल संपला की दौंड तालुका. ट्रक एकामागून एक गेले, पाच मिनिटंही लागली नाहीत. पाणी तळाला होतं.

आक्का केबिनमध्ये माझ्या शेजारी. आपसूकच बोलायला लागल्या. त्यांच्या आईच्या काळी फड बैलगाडीनं फिरायचा आणि नदी आली की नावेची वाट. नाव नसली तर गुऱ्हाळाची काहील. गूळ आटवायची ती मोठी कढई पाण्यात सोडायची, दोघांनी पोहत ढकलायची, आत चार माणसं नाहीतर चार पेट्या. आधी ढोलकी-हलगी जायची, मग लुगड्यांच्या पेट्या, मग बाया, शेवटी पुरुष. "चामडं भिजलं की खेळ ग्येला. माणूस भिजलं तर वाळतंय." एकदा मध्यावर काहील गोल फिरायला लागली. काठावरचे लोक ओरडायला लागले, तर आत बसलेल्या सोंगाड्यानं तिथूनच बतावणी सुरू केली. पलीकडच्या काठाला खेळ ठरलेला नव्हता, पण त्या फिरण्यावर गावानं सुपारी दिली.

खरं किती, आक्का जाणे. की-बोर्डवाल्यानं मात्र मागच्या खिडकीतून डोकं घालून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमचीय 'आर्का किनारी' होतीच."

"कोन ती?" आक्का विसरल्या होत्या.

चौफुल्याला सोलापूर रस्ता आडवा येतो. आसपास संगीतबारीची कला केंद्रं. तिथल्या बाया एका जागी राहून बारी लावतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतं. आमच्या बसमधल्या दोघींच्या बहिणी तिथे आहेत. तासभर गाठीभेटी झाल्या, रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा, एकीनं दुसरीला पैंजणाची जोडी दिली. फिरतीवाल्या म्हणत होत्या, तुमचं बरं, रोज गादी एकच. बारीवाल्या म्हणत होत्या, तुमचं बरं, सकाळी गाव मागं पडतंय. मॅनेजर घड्याळ बघत उभे.

रविवार, 20 एप्रिल. दौंडच्या बाजूचं गाव

कमिटीतले तिघे दुपारी राहुटीवर आले. दोन म्हातारे, एक तरुण, बहुतेक सरपंच. कालाष्टमीची सुपारी पाडव्यालाच फुटलेली, म्हणून मॅनेजरना वाटलं काहीतरी कमी करायला आले. तर म्हाताऱ्यांचं म्हणणं वेगळंच. रात्री तुम्हाला पाहिजे ती गाणी वाजवा, दहाला बंद करा, आमची तक्रार नाही. उद्याच्या हजेरीला वग पुरा पाहिजे. सकाळी नऊला बसायचं, उठायची घाई नाही, जेवण गावाचं. मांडव डबल कापडाचा घालून देतो.

तरुण म्हणाला, "मी पण बघितला नाय कधी पुरा."

पुरा वग कुणाला येतो, यावर मग आत अर्धा तास वाद. सरदाराला पहिला अर्धा पाठ. प्रधानाचं काम करणारा मागच्याच साली आलेला, त्याला फक्त हजेरीपुरतं माहीत. 'गाढवाचं लग्न' करू, असं सोंगाड्याचं म्हणणं. त्यावर ढोलकीवाला म्हणाला, दादू इंदुरीकरांनंतर ते करायला तसं तोंड लागतं. शेवटी आक्कांनी किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला. रानात गेल्यानंतरचं राणीचं सगळं त्यांना पाठ निघालं, प्रधानाचं आणि पोटघरातल्या पहारेकऱ्याचंसुद्धा. आता त्या ट्रकच्या सावलीत बसून एकेकाला म्हणून दाखवतायत आणि की-बोर्डवाला पोरगं वहीत उतरवून घेतंय. माझ्याच वहीत, कारण दुसरी सापडली नाही. उचलीची पानं संपली की पुढे राणी सुरू होते.

मॅनेजर आत्ता येऊन विचारून गेले, हजेरी लांबली तर परवाच्या गावाला पोचायला डिझेल किती जास्त जाईल. काढून ठेवतो म्हणालो, पण पोरगं अजून वही सोडत नाही.