जाऊन-येऊन

प्रवासाचे प्रकार पुष्कळ आहेत. पण सकाळी निघून दिवेलागणीला घरी परत यायचे, या जाऊन-येऊन सहलीचे कौतुक फारसे कुणी करत नाही. माझ्या मते मात्र सर्वांत शहाणा प्रकार हाच. काशीला निघालेल्या माणसाला मागच्या घराची काळजी असते. परदेशी निघालेल्याला सामानाच्या वजनाची असते. जाऊन-येऊन निघालेल्याला काळजी एकच, की धपाट्यांबरोबर घेतलेले दही दुपारपर्यंत आंबट तर होणार नाही ना! दूधवाल्याला नाही म्हणून सांगायचे नसते, तुळशीला पाणी घालण्यासाठी शेजारणीची मनधरणी करायची नसते. संध्याकाळी आपलीच उशी आपली वाट पाहत असते, आणि ती उशी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त मऊ लागते.

अशा सहलीला मोटारच हवी. आगगाडी तिच्या मनाने थांबते, एस. टी. कंडक्टरच्या मनाने थांबते. मोटार तेवढी आपल्या मनाने थांबते. आणि सहलीतली गंमत चालण्यात नसून थांबण्यात असते. आमच्या जालन्यावरून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर! रस्ता कसा, तर ताटातल्या पाण्यासारखा. पण तो आहे पोचण्याचा रस्ता. त्यावर सीताफळाची पाटी दिसली म्हणून मोटार बाजूला घेता येत नाही. सहलीला जुनाच रस्ता बरा. तो खड्ड्यांच्या निमित्ताने का होईना, माणसाला आजूबाजूला पाहायला लावतो.

हे सारे तत्त्वज्ञान मला सुचायला कारण झाली माझी भाची. ती जर्मनीत म्युनिकला असते. गेल्या दिवाळीला नवऱ्याला कामावर ठेवून आणि अकरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन ती आईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे आली होती. मुलाचे मराठी आजीपुरते, म्हणजे जेवण, झोप आणि लाड एवढ्या तीन विषयांपुरते, उत्तम आहे. भाऊबीजेच्या फराळाला आम्ही सगळे जमलो असता भाचीने इन्सब्रुकचे वर्णन सुरू केले.

हे इन्सब्रुक ऑस्ट्रियातले, आल्प्स पर्वताच्या अगदी कुशीतले शहर. म्युनिकहून सुमारे १६० किलोमीटर. सकाळी न्याहारी करून मोटारीत बसायचे. देशाची सरहद्द वाटेत कधी ओलांडली तेही कळत नाही. इन नावाच्या नदीवरचा पूल म्हणून इन्सब्रुक. जुन्या पेठेत सम्राट माक्सिमिलियनच्या काळचा, १५०० च्या सुमाराचा एक सज्जा आहे आणि त्याच्या छपराला सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे अडीच हजारांहून अधिक पत्रे आहेत. १९६४ आणि १९७६ अशी दोनदा तिथे हिवाळी ऑलिंपिक भरली. शहरातून पाळण्याच्या गाडीत बसले की तास उलटायच्या आत माणूस सव्वादोन हजार मीटर उंचीवर! खाली शहर, वर बर्फ, आणि रात्रीच्या जेवणाला परत म्युनिकला.

“सोन्याचं छप्पर?” अक्का चकलीचा तुकडा मोडत म्हणाली, “आमच्याकडे पाळणा आहे.”

‘जालना, सोने का पालना’ ही आमच्याकडची म्हण नातवाला कोण समजावून सांगणार? तो बिचारा सोन्याचा पाळणा कुठल्या खोलीत आहे ते पाहायला उठला. आम्ही हसलो, पण त्या हसण्याखाली जे होते ते सर्वांना ठाऊक होते.

मेहुणे गेल्यापासून अक्का जुन्या जालन्यातल्या त्या घरात एकटी राहते. गुडघे दुखतात, जिना उंच आहे. मुलांचे म्हणणे असे, की घर विकावे. नऊ महिने पुण्याला मुलाकडे राहावे आणि सरकारी परवान्यात बसतात ते तीन महिने म्युनिकला लेकीकडे काढावेत. म्हणण्यात खोट कुठेच नाही. गिऱ्हाईकही आले होते. अक्का मात्र होही म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. तिच्यासमोर विषय निघाला की ती चहा टाकायला उठे. त्या दिवाळीत आम्ही फार चहा प्यालो.

इन्सब्रुकचे वर्णन हा त्याच विषयाचा एक अध्याय होता, हे मला कळत होते. घरी येऊन मी सहज नकाशाचे पुस्तक काढले. पाहतो तो इन्सब्रुकची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५७५ मीटर, आणि आमचे जालना सुमारे ५०० मीटर! म्हणजे ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच पायरीवर बसलेली. फरक एवढाच, की त्यांच्या पाठीशी आल्प्स आहे आणि आमच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग.

दुसऱ्या दिवशी भाचीने विचारलेच, “मामा, जालन्याहून असं जाऊन-येऊन करण्यासारखं काय आहे?”

वेरूळ आहे, दौलताबाद आहे, अजिंठा आहे. पण ती स्थळे पाहावी लागतात, उरकावी लागतात. मी म्हटले, “भोकरदन.” सगळे माझ्याकडे पाहू लागले. भोकरदन म्हणजे तालुक्याचे गाव. तिथे कचेरीत काम असले किंवा आठवड्याचा बाजार असला तर जायचे. पण अक्का एकदम म्हणाली, “मी येते.” मग प्रश्नच मिटला.

आमच्या गल्लीतल्या चाचांची मोटार ठरवली. चाचांनी आजवर जितकी माणसे दवाखान्यात नेली तितकीच लग्नाला नेली आहेत, आणि दोन्ही वेळा वेग तोच. “अक्का, गाडी अपनीच है, जहाँ बोले वहाँ रोकेंगे,” असे त्यांनी आधीच सांगून टाकले, आणि ते वचन इतके पाळले की पन्नास-साठ किलोमीटरच्या वाटेला आम्हाला निम्मा दिवस लागला.

वाटेवर राजूरचा गणपती. टेकडीवरचे हे देऊळ मराठवाड्यात फार मानतात. गणपतीच्या साडेतीन पीठांतले एक म्हणून त्याची ख्याती. अंगारकीला इथे मुंगीला वाट मिळत नाही. आमचा वार साधा होता, म्हणून देवाला आमच्याकडे पाहायला सवड होती. अक्काने पायऱ्या चढायच्या नाहीत असे ठरले होते. ती सावकाश चढली. वर गेल्यावर “या किती पायऱ्या आणि घरचा जिना किती!” एवढेच म्हणाली. भाचीने माझ्याकडे पाहिले. मी देवाकडे पाहिले.

पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरीला पिवळा फुलोरा, आणि डांबरी सडकेच्या कडेने मक्याचे दाणे वाळत घातलेले. चाचा त्या दाण्यांना इतक्या हळुवारपणे वळसा घालीत की जणू पंगतीतून वाढपी चालला आहे. सीताफळे घेतली, धपाटे संपवले. दही आंबट झाले नव्हते.

भोकरदन केळणा नदीच्या काठी आहे. या गावाचे जुने नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात पैठणहून उज्जयिनीला जाणारा व्यापारी मार्ग इथून जाई. चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांच्या गाठीला पैसा होता, आणि तो दूरच्या गावी खर्च करण्याइतके मनही होते. नदीकाठी खडकात कोरलेली लेणी आहेत. ती पाहून आम्ही झाडाखाली बसलो, आणि मी मंडळींना बाहुलीची गोष्ट सांगितली.

इटलीत व्हेसूव्हियस डोंगराने इ. स. ७९ मध्ये पॉम्पेई हे शहर राखेखाली गाडले. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन लहान दासी. डोळ्यांत भरण्यासारखी भारतीय! आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती इथल्या मातीतून निघाली. मात्र ती भंगलेली. तशीच एक तेरलाही मिळाली आहे. त्यावरून काही विद्वानांचा तर्क असा, की पॉम्पेईची बाई याच मुलखातली, कदाचित भोकरदनच्याच कारागिराने घडवलेली असावी. आमच्या भोकरदनची लेक समुद्रापार नांदायला गेली म्हणा ना!

भाचीने संधी सोडली नाही. “बघ आई,” ती म्हणाली, “जी गेली ती अख्खी राहिली. इथं राहिली ती मोडली.”

अक्का सीताफळाच्या बिया कागदात गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “अठराशे वर्षं राखेत होती म्हणतोस ना रे? मग अख्खी राहील नाही तर काय करील? कुणी हातच लावला नाही तिला.”

यावर आम्हां कुणालाच बोलता आले नाही. चाचा तेवढे “वा, अक्का!” म्हणाले.

दुपार कलली तशी आम्ही पूर्वेकडे असईला गेलो. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातले हे लहान गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्याच महिन्यात इंग्रजांनी जालन्याचा किल्ला घेतला होता. मराठ्यांचा तळ केळणेच्या पलीकडे, तोफा शंभराच्या घरात. वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि वाटाड्ये सांगत होते, की उतार नाही. त्याने दुर्बीण लावली. इंग्रजांच्या कागदांत ‘पीपलगाव’ आणि ‘वारूर’ अशी नावे असलेली दोन गावे त्याला नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर दिसली.

इथे थांबून मी नातवाला विचारले, “दोन गावं अशी समोरासमोर, मधे नदी. मग त्यांच्या मधे काय असेल?”

“पूल!” तो म्हणाला. इन्सब्रुकचा मुलगा, दुसरे काय म्हणणार?

“पूल नव्हता बाळा,” अक्का म्हणाली. “मधे सोयरीक असेल. दोन गावं समोरासमोर असली की लेकी द्यायच्या-घ्यायच्या असतात. आणि सोयरीक असली म्हणजे पाण्यातून वाट असतेच. लेक माहेरी यायची कशी?”

वेलस्लीने हेच ओळखले होते. फक्त सोयरिकीचा शब्द त्याच्याजवळ नव्हता. त्याने जो उतार हेरला त्यावरून लेकी माहेरी येत असतील. त्या दिवशी तिथून फौज उतरली. मराठी गोलंदाज तोफांशेजारी उभे राहून मेले; हटले नाहीत. वेलस्लीच्या लढाईत उतरलेल्या सुमारे साडेचार हजारांपैकी पंधराशेवर मेले वा जखमी झाले, आणि त्यांतही मद्रासकडचे देशी शिपाई पुष्कळ. वर्ष संपण्याआधी देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले आणि मराठी राज्याचा कणा वाकला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगात नाव झाल्यावरसुद्धा वेलस्ली आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव घेई. आज तिथे कापूस आहे. वेचणाऱ्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या, आणि त्यांतल्या एकीने नातवाच्या हातावर एक बोंड ठेवले. ते त्याने म्युनिकपर्यंत नेले.

अन्व्याचे जुने देऊळ पाहायचे राहिले. चाचा म्हणाले, अजून वेळ आहे. पण मी मुद्दामच नको म्हटले. जाऊन-येऊन सहलीत एक ठिकाण शिल्लक ठेवावे. म्हणजे पुन्हा निघायला निमित्त राहते.

परतताना अजिंठ्याची रांग मागे निळी होत गेली. नातू आजीच्या मांडीवर झोपला. कुणी बोलत नव्हते. राजूर मागे पडल्यावर अंधारात अक्काने विषय काढला. तिने स्वतःहून, आणि तिथे चहा टाकायला उठण्याची सोय नसताना.

“वैशाखात येते मी तुझ्याकडे,” ती लेकीला म्हणाली. “तीन महिने. ते सोन्याचं छप्पर दाखव. पण श्रावणात मला परत आणून सोडायचं. त्या गिऱ्हाइकाला सांग, घर विकायचं नाही.”

“आणि जिना गं?” भाचीने विचारले.

“राजूर चढले आज. खालच्या खोलीत खाट टाकीन.”

भाची थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “खाट उद्याच आणू.”

यंदा वैशाखात अक्का गेली, इन्सब्रुकला एक दिवस जाऊन-येऊन केले, आणि श्रावणाच्या पहिल्या सोमवारी जालन्याच्या घरात परत आली. सोन्याच्या छपराबद्दल मी विचारले, तेव्हा म्हणाली, “चांगलं आहे. पण लहान आहे रे.” मग इन नदीचे वर्णन मात्र तिने पुष्कळ केले. पाणी हिरवट, थंड, आणि ओढ फार. पुलावर उभे राहून तिने दोन्ही काठांवरची घरे नीट पाहून घेतली होती. घरे समोरासमोर आहेत, असे तिने मला मुद्दाम सांगितले.

या दिवाळीला भाची येणार नाही. पुढच्या दिवाळीला येईल. अन्व्याचे देऊळ आम्ही तिच्यासाठी तसेच ठेवले आहे.