चाकांवरची मांडणी

इंग्रजी साहित्यात चाकांवरच्या घराची वर्णने तुरळक असली तरी रसाळ आहेत. डिकन्सच्या 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' (१८४०-४१) मध्ये मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन गावोगाव नेणाऱ्या मिसेस जार्ली भेटतात. त्यांची कॅरव्हॅन म्हणजे पडदे, चूल आणि जहाजातल्यासारखा बिछाना असलेले नेटके घरच आहे. गॉर्डन स्टेबल्स या आरमारी डॉक्टरने १८८५ साली ब्रिस्टलला 'वाँडरर' नावाची कॅरव्हॅन खास बांधून घेतली, दोन घोडे जुंपून ती थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत नेली आणि पुढच्याच वर्षी त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' (१९०८) मधील टोडची पिवळीधमक कॅरव्हॅन तर भरधाव मोटारीमुळे घोडा बिथरल्याने खड्ड्यात उलथते आणि टोड त्या क्षणापासून मोटारीचाच भक्त होतो. आज तीच मोटार घोड्याच्या जागी जुंपली गेली आहे. हा काळाने उगवलेला सूड की करून दिलेली भरपाई, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या साऱ्या वर्णनांत घर तयार असते. फळी कोणी ठोकली, खुंटी कोठे लावली, ती भिंतीत टिकली का, याची वाच्यता नसते. आम्ही उभयतां लीड्सजवळ राहतो आणि काही वर्षांपूर्वी घेतलेली एक जुनी टूरिंग कॅरव्हॅन दर उन्हाळ्यात मोटारीमागे जोडून यॉर्कशरच्या किनाऱ्याला नाहीतर त्याही वर नॉर्थम्बरलंडला नेतो. आमचा अनुभव असा, की या घराचे खरे वाचन घडते ते त्यात बारीकसारीक सुधारणा करताना. 'सुधारणा' हा शब्द मराठीत आगरकरांच्या 'सुधारक'पासून (१८८८) चांगलाच भारदस्त झालेला आहे. येथे तो फळी, दिवा आणि पायरी यांच्यापुरताच घ्यावा.

पहिला धडा वजनाचा. भरलेल्या अवस्थेत कॅरव्हॅनचे वजन जास्तीत जास्त किती असावे, ही मर्यादा कारखान्यानेच ठरवलेली असते. आमच्या गाडीची मर्यादा १२०० किलोंची, तर तिचे स्वतःचे वजन १०५० किलोंचे. म्हणजे कपडे, भांडी, खुर्च्या, तंबू आणि आमच्या सर्व सुधारणा मिळून १५० किलोंत बसवायच्या. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची मीटरभर लांब, फूटभर रुंद फळी सुमारे दोन किलो भरते. तीच ४ मिलिमीटरची घेऊन खाली एक पातळ पट्टी दिली तर काम तेच होते आणि वजन निम्म्याहून कमी. पाण्याचे ४० लिटरचे पिंप म्हणजे ४० किलो. म्हणून ते रिकामे न्यावे आणि मुक्कामाला पोचल्यावर भरावे. येथे प्रत्येक नव्या वस्तूला 'तू कोणाच्या जागी आलीस?' असे विचारावे लागते. विशेषणांनाही हाच प्रश्न विचारावा, असे वर्गात सांगणे सोपे असते. वजनकाट्यापुढे ते पटते.

वजन किती याइतकेच ते कोठे, हेही महत्त्वाचे. मोटारीच्या जोडावर कॅरव्हॅनच्या नाकाचा जो भार पडतो, तो तिच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावा असा संकेत आहे. आमच्या बाबतीत ६० ते ८४ किलो. मात्र मोटारीच्या जोडाला जेवढा भार सोसतो, त्यापलीकडे जायचे नाही. न्हाणीघरातला वजनकाटा आणि योग्य उंचीचा लाकडी ठोकळा एवढ्यावर हा भार घरच्या घरी मोजता येतो. मागे भार जास्त झाला, की वेगात गाडीचे शेपूट डोलू लागते. आमच्याकडच्या गाडीवानाला यात नवल वाटले नसते. मागे जड भरलेल्या बैलगाडीचे जू वर उचलले जाते, तिला तो 'उलाळ' म्हणतो. पुढे जड झाली तर बैलांच्या माना दबतात. ब्रिटिश माहितीपत्रक जे आकड्यांत सांगते, ते मराठीने एका शब्दात साठवून ठेवले होते. जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवावे, वरच्या कपाटांत हलके तेवढेच, हा नियम दोन्हीकडे एकच.

या नियमाने मांडणी बदलली. 'मांडणी' म्हणजे स्वयंपाकघरातील भांड्यांची फळी आणि 'मांडणी' म्हणजे लेखातील विचारांचा क्रम. हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदतात, ते कॅरव्हॅनच्या कपाटात कळते. डाळ-तांदळाचे डबे वरून काढून बाकाखाली गेले. ताटल्यांसाठी एका पातळ फळीत गोल लाकडी दांड्या बसवून त्यांमध्ये ताटल्या उभ्या केल्या. खाली रबरी जाळीचा तुकडा अंथरला. कपाटात पडद्याची दाबून बसणारी आडवी दांडी लावली, की वळणावर बरण्या दारावर येऊन आदळत नाहीत. कॅरव्हॅनचे फर्निचर हलक्या, पातळ फळ्यांचे असते, त्यात स्क्रू फार काळ धरत नाही. म्हणून आधी एक लाकडी पट्टी चिकटवून भार पसरवायचा, मग खुंटी लावायची.

दुसरी सुधारणा दिव्यांची. आमच्या गाडीत १० वॉटचे आठ हॅलोजन दिवे होते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते सारे चार तास लावले, तर सुमारे २७ अँपिअर-तास खर्ची पडतात. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणजे हिशेब दोन संध्याकाळींत संपला. त्याच खोबणीत बसणारे २ वॉटचे एलईडी दिवे लावल्यावर तीच बॅटरी नऊ संध्याकाळी पुरते. विजेची जोडणी नसलेल्या शेतावर उतरून रात्री उशिरापर्यंत वाचता येणे, ही आमच्या मते कॅरव्हॅनमधली सर्वांत स्वस्त चैन आहे.

काही गोष्टी मात्र सुधारायच्या नसतात. जमिनीत आणि छतात कायमची उघडी ठेवलेली भोके थंडीत गार वारा आत सोडतात आणि त्यांवर काहीतरी चिकटवण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड. तो गळला तर खाली साचतो आणि त्याच भोकांतून बाहेर पडतो. शेगडी व हीटर यांना लागणारी ताजी हवाही अशा वाटांनीच येते. त्या बुजवल्या, तर रात्री कार्बन मोनॉक्साइड कोणाला न उठवता आपले काम करील. म्हणून वारा लागतो तेथे जाड पडदा लावावा, पायाखाली गालिचा घालताना भोके मोकळी ठेवावीत आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे. वायूच्या नळ्यांना आम्ही हात लावत नाही. ते काम जाणकाराचे. एखाद्या संहितेतील मोकळी जागा ही उणीव नसून तिचा श्वास असतो, असे समीक्षक म्हणतात तेव्हा ते रूपक असते. येथे ते अक्षरशः खरे आहे.

सर्वांत उपयोगी सुधारणा मात्र सर्वांत कमी दिसणारी आहे. उन्हाळ्यात साताऱ्याहून आई येतात. आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई, म्हणून दोघांच्या वतीने नुसत्या 'आई'. वय ७८, दोन्ही गुडघे दुखरे. "मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या," हे त्यांचे वाक्य पहिल्या वर्षी आम्हांला फार जड गेले. कॅरव्हॅनच्या दारात एकच उंच पायरी असते. तिच्याजागी रुंद, न डगमगणारी दोन पायऱ्यांची चौकी केली. दाराशेजारी भिंतीत जेथे लाकडी चौकट आहे ती जागा शोधून मुठीत नीट मावेल असा दांडा बसवला. जमिनीलगत एक मंद दिवा लावला, जो रात्री पाय टेकताच उजळतो. एका बाजूचे बाक कायमचे पलंग म्हणून राखले. रोज सकाळी अंथरूण मोडून बैठक करण्याची प्रथा बंद पडली.

या सगळ्याचे मिळून वजन सात किलो. तेवढ्यासाठी एक घडीचे टेबल आणि दोन खुर्च्या घरी राहिल्या. आता पाहुणे आले, की एकाला पायरीवर बसावे लागते. बहुधा आईच तेथे बसतात, कारण समुद्र तेथूनच दिसतो. उठताना त्यांचा हात न पाहता दांड्याकडे जातो. त्या दांड्याविषयी त्या आजवर एक शब्दही बोललेल्या नाहीत आणि "तुम्ही जाऊन या" हे वाक्यही त्यानंतर पुन्हा ऐकू आलेले नाही.